‘इतर’ नावाची जाड रेष

७ एप्रिल, सोमवार

दुकानाच्या पाटीवर आज दुसरी ओळ चढवली. वर ‘प्रफुल डिजिटल फ्लेक्स, देवळी’ होतंच, खाली आता ‘इन्फोग्राफिक तयार करून मिळेल’. बसस्टँडवरून स्पष्ट दिसते. दिवसभरात तिघांनी चौकशी केली. एकानं विचारलं, त्याच्यासाठी उपाशीपोटी यावं लागते का?

त्याला समजावलं, की गुंतागुंतीचे आकडे असतात, ते रेषांनी आणि रंगांनी असे मांडायचे की माणसाला पाहताच कळावं. तो म्हणाला, “पाहूनच कळत असंन तं मंग तुमी सांगून कायले राह्यले?”

हिवाळाभर मोबाइलवर कोर्स केला त्याचं हे फळ. आजवर मी वाढदिवस छापले आणि श्रद्धांजल्या छापल्या. माणसाचं मधलं आयुष्य कोणी छापायला देत नाही. ते आता बदलेल असं वाटतं.

बाबा कापड दुकान बंद करून जाताना थांबले. पाटी वाचली. “म्हणजे रांगोळी,” म्हणाले. “रांगोळी तं शेजारची पोरगी फुकट काढून देते.” मग पुन्हा तेच: ही लग्नसराई संपेपर्यंत काय ते कर, नाहीतर माझ्या शेजारी गादीवर येऊन बस. आचल आत चहा करत होती. तिला ऐकू गेलं असणार, पण बायको शहाणी आहे, तिनं बाबांनाही कप आणून दिला.

१० एप्रिल, गुरुवार

पहिलं काम आलं!

सकाळी एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील, सुती साडी, खांद्याला पर्स, बसमधून उतरून थेट दुकानात. “नांदखेडीची सरपंच मी. मोहिनी.” मी सवयीनं त्यांच्या मागं पाहिलं, सरपंचांचे मिस्टर कुठं आहेत म्हणून. त्या म्हणाल्या, “थे नाई आले. सध्या मीच हाव.”

नांदखेडी म्हणजे पुलगावच्या पुढं, रोहण्याच्या वाटेवर. पुलगावात फ्लेक्सची तीन दुकानं आहेत, ती सगळी सोडून बाई दोन बस बदलून माझ्याकडे आल्या. मी विचारलंच, माझं नाव कोणी सुचवलं? म्हणाल्या, “कोनीच नाई. आमच्या गावचं कोनी इकडे येत नाई, म्हनून आली.” म्हणजे पाटीवरून आल्या. कीर्ती पोचायला पाटी पुरते.

काम असं: गावच्या टाकीतून रोज किती पाणी निघतं आणि कोणत्या गल्लीत किती पोचतं, ते सगळं एका चित्रात दाखवायचं. नव्या योजनेत टाकीला आणि प्रत्येक गल्लीच्या फाट्याला मीटर बसलेत. एक मेच्या ग्रामसभेत मंडपात लावायचं, मोठ्ठं. “आकडे वाचून दाखवले का लोक झोपतेत,” त्या म्हणाल्या. “तुमी काय करता ते सांगा.”

मी सांगितलं. टाकीपासून रेषा निघतील. जिथं पाणी जास्त, ती रेष जाड. जिथं कमी, ती बारीक. शिवाय ती गावाच्या नकाशावर बसवायची, म्हणजे प्रत्येकाला आपलं घर सापडेल. बाई खुर्चीत जरा पुढं सरकल्या. “रेष जिथं जाते तिथंच दाखवता? कोनी सांगतलं तरी वाकडी नाई करत?”

मी म्हणालो, ताई, ही विद्या आहे. हिच्यात वाकडं चालत नाही.

प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून मी आत गेलो. तेवढ्या वेळात आचल आणि त्या खूप बोलल्या. मी बाहेर आलो तर दोघी गप्प. बायकांच्या गप्पा.

१३ एप्रिल, रविवार

उद्या जयंती. मशीनला श्वास घ्यायला फुरसत नाही, पण दुपारी थोडा वेळ काढून नांदखेडीचं चित्र मांडायला घेतलं आणि अडकलो.

बाजारगल्लीची रेष मध्यम येते. मारुतीपुरा मध्यम. भीमनगर बारीक. टेकडीवरची वस्ती तर केसासारखी. आणि या सगळ्यांपेक्षा जाड रेष येते ‘इतर’ची. कोर्सवाल्या सरांनी बजावून सांगितलं होतं: ‘इतर’ हा भाग सगळ्यात मोठा झाला तर समजा, तुमची विभागणी चुकली. म्हणून मोहिनीताईंना फोन लावला. म्हटलं, ताई, ‘इतर’ फार फुगलंय. त्याचे दोन-चार भाग करून देता का?

“कसं करू? टाकीतून निघालं त्यातून गल्ल्यांत पोचलं ते वजा केलं. उरलं ते इतर.”

“पण ते जातं कुठं?”

“शाळेच्या मांगं एक व्हॉल्व हाय. तथून निघते अन् धुऱ्याच्या रस्त्यानं जाते. तुमी तथपर्यंत काढा.”

“आणि पुढं?”

“पुढं कागद संपते ना?”

खरंच संपतो. नकाशा तिथंच कापलेला आहे. मी म्हटलं, रेष अर्धवट लोंबकळते, चित्र पुरं वाटत नाही. त्या म्हणाल्या, “घरी बोलून झालं जी माझं. दोनदा. आता चित्र काढून पाहू.”

हे घरी कशाला बोलायचं ते मला कळलं नाही. डिझाइनचे प्रश्न घरच्यांना विचारून सुटत नसतात. मी आचलला विचारतो, ती नुसती हसते.

१६ एप्रिल, बुधवार

रूपरावजी आले. सरपंचांचे मिस्टर. पांढरा शर्ट, पांढरे बूट, पांढरी गाडी. आत येतानाच म्हणाले, “मी नांदखेडीचा सरपंच.” मी मोहिनीताईंचं नाव घेतलं तर म्हणाले, “तेच ते. घरचंच हाय.” त्यांची संत्र्याची बाग आहे, तालुक्यात नंबर एक, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं.

मी संगणकावर कच्चं चित्र उघडलं. मी पाणी कमी असेल तिथं लाल आणि भरपूर असेल तिथं हिरवा असे रंग दिले होते. रूपरावजी उठून उभेच राहिले.

“लाल कायले? लाल पाह्यला का लोक भडकते. सभेत आग लावतं का बे?”

मी म्हटलं, मग कमी असेल तिथं भगवा करू. “मंग विरोधक म्हनतीन आमच्या रंगाले पानी नाई देत.” पिवळा? “माह्या साडूचं निशान पिवळं होतं, पडला तो.” हिरवा? “हिरवा ठेवला तं एक बोलीन, काढला तं दुसरा बोलीन.” जांभळा काढून दाखवला. तो कोणाचाच नाही म्हणाले, आणि म्हणूनच नको म्हणाले, लोकांना संशय येईल.

मी अनेक वर्षं रंग विकतो, पण रंगांना इतके मालक असतात हे आजच कळलं.

शेवटी मी म्हटलं, पाण्याचा रंग घ्या, नुसता निळा. जास्त पाणी तिथं गडद, कमी पाणी तिथं फिका. रूपरावजींनी विचार केला. “म्हनजे कमी असंन थे दिसनारच नाई?” जवळजवळ दिसणार नाही, मी कबूल केलं. ते खुर्चीत टेकले. “बेस हाय. हेच कर.”

जाताना म्हणाले, चित्रात फोटो पाहिजे. हात जोडलेला, मोठा. सरपंचताईंचा का, असं मी विचारलं. “तिचा कायले? लोक मले ओयखतेत.” मग थोडं थांबून, “तिचाबी टाकजो. वरच्या कोपऱ्यात. लहानसा.”

१७ एप्रिल, गुरुवार

दिवसभर लाइट नाही. कूलरसमोर बसून राहिलो. कूलरही बंदच होता, पण सवय.

२० एप्रिल, रविवार

आज एकाच फटक्यात दोन प्रश्न सुटले आणि मी माझ्यावरच खूष आहे.

पहिला प्रश्न, फोटो कुठं बसवायचा. वर टाकी आहे, डावीकडे गल्ल्या आहेत, मधे शाळा. मोकळी जागा फक्त उजव्या हाताला, खाली. दुसरा प्रश्न ती ‘इतर’ची रेष. ती शाळेमागून निघते, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, रस्त्यानं वळत वळत उजव्या खालच्या कोपऱ्याकडे येते आणि अर्ध्यात तुटते. मी रूपरावजींचा फोटो तिथं ठेवून पाहिला. रेष बरोब्बर त्यांच्या जोडलेल्या हातांशी येऊन टेकली! तुटकी वाटेना. सगळं चित्र एकदम पुरं झालं. गडद निळी, मांडीएवढी जाड रेष टाकीपासून निघून डौलात वळते आणि पांढऱ्या शर्टापाशी थांबते. नजर आपोआप तिथवर जाते. लाल-हिरवं असताना असं होत नव्हतं, तेव्हा नजर सगळीकडे भटकायची. सर म्हणायचे तेच: रंग कमी करा, म्हणजे डोळा कुठं जायचं ते स्वतः ओळखतो.

दोघांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. रूपरावजींचं लगेच उत्तर: ‘चेहरा गोरा कर. मिशी काळी.’ त्यांनी बोटांनी मोठं करून फक्त तेवढाच भाग पाहिला असणार, कारण बाकी चित्राबद्दल एक अक्षर नाही. मी गोरा केला. काळी केली.

मोहिनीताईंच्या नावासमोर बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग काहीच नाही. मग पुन्हा टायपिंग. शेवटी आलं: ‘फोटो तुमी ठेवला तिथं?’ मी लिहिलं, हो ताई, तिथंच जागा होती. हलवू का? उत्तर आलं, ‘काहीच हलवू नका.’

आचलनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. खांदे हलत होते. मी मागं जाऊन विचारलं, फॉन्ट वाईट आहे का? ती म्हणाली, “फॉन्ट चांगला आहे हो.” आणि पुन्हा हसायला लागली. तिचं माहेर पुलगावचं, तिकडच्या लोकांना काही कौतुक करायचं असलं तरी आधी हसू येतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

बाबांनी आज सगळ्यांसमोर विचारलं, रांगोळीचं गिऱ्हाईक पुन्हा आलं का? नाही आलं. मोहिनीताईंचं हे एकच काम. शेजारच्या दुकानदारानं शर्टाचं माप घ्यावं तसं माझ्याकडे पाहिलं. एक मेला चित्र लोकांना आवडलं तर चार गावं येतील. नाही आवडलं तर जूनपासून मी गादीवर बसून “ताई, हा रंग तुमच्यावर खुलून दिसंन” म्हणत असेन. तेही रंगाचंच काम आहे म्हणा.

मनात आणखी एक खुपतं. ‘इतर’चा नियम मी मोडलाय. कोणी जाणकार सभेत आला आणि विचारलं, की एवढा मोठा भाग ‘इतर’ कसा, तर काय सांगणार? मी आचलला बोललो. ती म्हणाली, “विचारतील तेव्हा तुम्ही गप्प बसा.”

१ मे, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळीच नांदखेडीला पोचलो. झेंडावंदन झालं, लोक मंडपात बसले. ऊन असं की मंडपाचं कापड तव्यासारखं तापलेलं. चित्र मागच्या बाजूला पूर्ण रुंदीत लावलं होतं. मी सगळ्यात मागच्या खुर्चीत बसलो. इतकं मोठं करून मीही पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खोटं कशाला लिहू, डोळे भरून आले.

ग्रामसेवकानं सुरुवात केली. मग मोहिनीताई उठल्या, माइक घेतला. दोन्ही हातांनी धरला होता, माइक जड असावा. म्हणाल्या, “पान्याचं चित्र आनलं हाय. समजावून हे सांगतीन. यांच्या आवाजात लोकाइले समजते.” आणि रूपरावजींकडे पाहिलं.

रूपरावजींना तेच पाहिजे होतं. कोणीतरी त्यांच्या हातात एक तुराटी दिली. तुरीची ती वाळलेली काडी घेऊन ते मास्तरासारखे उभे राहिले.

“हे टाकी. आपन बांधली.” टाळ्या. “हे बाजारगल्ली. हे मारुतीपुरा. पाहून घ्या, कसं निय्यं निय्यं पानी जाऊन राह्यलं.”

डावीकडून एक जण उठला. धम्मदीप म्हणून तिथला पंचायत सदस्य आहे. “रूपरावजी, आमच्या भीमनगरची रेष कुठं हाय? दिसून नाई राह्यली.”

“हाय, हाय. फिक्की हाय. जवळ ये म्हनजे दिसंन.”

धम्मदीप जवळ गेला, नाक लावून पाहिलं. “हे रेष हाय का चित्रावर केस पडला?”

लोक हसले. टेकडीवरच्या बायका आपसात बोलायला लागल्या, की आमचा तर केसही नाही. छपाईचा दोष काढतील असं वाटलं.

“मंग हे जाडी कोनती?” धम्मदीपनं विचारलं.

“थे इतर हाय.”

“इतर नावाचं कोन राह्यते गावात?”

हाच तो प्रश्न! रूपरावजींनी घसा साफ केला. “थे गळती हाय. पाइपाची.”

“एवढी गळती हाय तं ओल कुठं हाय?”

समोर सतरंजीवर रुख्माबाई बसल्या होत्या, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्यांना दिसतं कमी, पण आवाज खणखणीत. “अरे बापू,” त्या म्हणाल्या, “काडी टेकव तं खरी. टाकीपासून चालव. कुठं जाते थे आपनच पाहू.”

रूपरावजींनी तुराटी टेकवली. आता सभेत कूलरचा आवाज तेवढा होता. काडी टाकीपासून निघाली, शाळेमागं गेली, धुऱ्याच्या रस्त्यानं वळली. ते पाठमोरे होते, रेषेच्या अगदी जवळ, त्यामुळे आपण कुठं चाललोय ते त्यांना दिसत नव्हतं. आम्हा सगळ्यांना दिसत होतं. म्हणजे मला नाही, मी अजून फ्लेक्सवर घडीची सुरकुती पडलीय का ते शोधत होतो. काडी खाली खाली आली आणि त्यांच्याच फोटोच्या जोडलेल्या हातांवर जाऊन थांबली.

टेकडीवरच्या बायका उभ्या राहून पाहू लागल्या.

“कुठं गेली व?” रुख्माबाईंनी शेजारणीला विचारलं. शेजारीण कानात बोलली. रुख्माबाई म्हणाल्या, “अव माय! हात नाई जोडले त्यानं. ओंजळीनं पेऊन राह्यला!”

मंडप हसण्यानं फुटला. आणि मी, लिहायला लाज वाटते, उभा राहून ओरडलो, “माफ करा, फोटोची जागा चुकली! मी रेष जरा बाजूला घेऊन देतो!”

रूपरावजी वळले. त्यांनी ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं ती नजर मी कोणत्याही फ्लेक्सवर छापलेली नाही. पण रुख्माबाई म्हणाल्या, “नको रे बापू. बराबर गेली हाय. बागेतच जाते.”

तेव्हा कळलं. शाळेमागचा व्हॉल्व. धुऱ्याचा रस्ता. तालुक्यात नंबर एक संत्री.

मोहिनीताई उभ्या राहिल्या. आवाज लहान होता, पण लोक इतके शांत झाले की पुरला. “शाळेमागची लाइन आजच बंद करा लागते. व्हॉल्वची चाबी यापुढं माह्यापाशी अन् धम्मदीपभाऊपाशी राहीन. सकायचं पहिलं पानी टेकडीले अन् भीमनगरले. मंजूर असंन तं हात वर करा.”

आधी बायकांचे हात वर गेले. मग धम्मदीपच्या बाजूचे. मग इकडंतिकडं पाहत बाकीचे. रूपरावजी तुराटी उगारून माझ्याकडे पाहत उभे होते, त्यामुळे त्यांचाही हात वरच होता. ग्रामसेवकानं तोही मोजला. ठराव एकमतानं मंजूर.

मी गर्दीतून निसटून बाहेर आलो आणि पहिली मिळेल ती गाडी धरली.

२ मे, शुक्रवार

दुकान अर्धंच उघडलं. शटर इतकंच वर, की पळायचं झालं तर मी आतून निघू शकेन आणि रूपरावजी आत येऊ शकणार नाहीत. ते माझ्यापेक्षा जाड आहेत, हे मोजून ठेवलंय.

पांढरी गाडी दिसली की मी शटर आणखी वीतभर खाली ओढतो. देवळीत पांढऱ्या गाड्या किती आहेत!

६ मे, मंगळवार

मोहिनीताईंचा फोन. मी आधी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “कायची माफी? तुमी वाकडी नाई केली.” मी विचारलं, रूपरावजी कसे आहेत? ते त्याच दिवशी बहिणीकडे पुलगावला निघून गेले म्हणे, अजून आले नाहीत. बागेला पाणी नाही, आणि बाग पाहायलाही ते नाहीत.

“मी फोन केलता,” त्या म्हणाल्या. “जेवले का, इतकंच विचारलं. हो म्हनले अन् ठेवून देल्ला.” मग म्हणाल्या, “सभेत नाई भ्याली जी मी. घरी आली, दाराची कडी काढली, अन् मंग भ्याली.”

मी म्हटलं, चित्र खूप छान दिसत होतं ताई. तेवढंच सुचलं.

आज पहिल्यांदा वाटलं, की नुसत्या वाढदिवसांचं काम बरं होतं. तिथं कोणाचं घर मोडत नाही.

११ मे, रविवार

गोष्ट देवळीत पोचली. चहाच्या टपरीवर तिचं भलतंच रूप झालंय: नांदखेडीच्या एका फोटोत खरोखर पाणी शिरलं म्हणे. बाबांनी जेवताना विचारलं, “तो फोटोवाला तूच काय?” मी हो म्हटलं. बाबांनी भाकरी मोडली. संध्याकाळी मात्र दुकानात आले, लग्नाच्या साड्यांचे आकडे सांगितले आणि म्हणाले, “माही रांगोळी काढ पाहू. कोन्त्या रंगाच्या कुठं अडकून राह्यल्या थे दाखव.” काढली. मोरपंखी साड्यांची रेष कपाटात शिरते आणि बाहेरच येत नाही. बाबा बराच वेळ पाहत बसले. “हे तुह्या आईनं पसंत केलत्या,” म्हणाले. “तिले नको दाखवू.” गादीचा विषय आज निघाला नाही.

आणखी दोन गावांच्या सरपंचबाईंचे फोन आले. दोघींनी तेच विचारलं: “मोहिनीताईनं सांगतलं तेच न तुमी, जे जास्त विचारत नाई?” माझ्या कामाची अशी शिफारस होईल असं वाटलं नव्हतं.

१८ मे, रविवार

नांदखेडीच्या पंचायतीच्या भिंतीवर चित्र रंगवायला गेलो. नवीन आकड्यांचं, नवीन रेषांचं. भीमनगरची आता बोटाएवढी झालीय. टेकडीची त्याहून थोडी कमी, चढ आहे म्हणून. फोटो कोणाचाच नाही.

भिंतीशी शिडी धरून कोण उभं? रूपरावजी! परवाच परत आले. माझा ब्रश हातातच राहिला. ते म्हणाले, “चढ ना बे. धरली हाय मी.” चढलो. दुसरा इलाजही नव्हता.

दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण माझ्यामार्फत बोलतात. रूपरावजी खालून म्हणाले, “सांग तुह्या सरपंचाले, बागेतल्या विहिरीचा गाळ काढून राह्यलो. पानी लागलं हाय.” मोहिनीताई चार हातांवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्याइले सांगा, गाळ चार सालाआधीच काढा म्हनलं होतं.” मी शिडीवरून दोन्हीकडे तेच पुन्हा सांगितलं. “सांग, थंड्या पान्यात उभं राहून पाय दुखून राह्यले.” “सांगा, तेल गरम करून ठेवलं हाय. जेवनबी झाकून ठेवलं.” मग शिडी जरा हलली.

मोहिनीताई आत गेल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं. जवळ आले. मी ब्रश छातीशी धरला.

“खरं सांगजो. तुले मालूम होतं का?”

“काय जी?”

“थे रेष. माह्या हातात जाते म्हनून.”

“आईशप्पथ नाही. तिथं जागा रिकामी होती.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “नसंनच,” म्हणाले. त्यांचा लगेच विश्वास बसला. पुरावा नाही, उलटतपासणी नाही. वाचलो याचा आनंद झाला, पण इतक्या लवकर विश्वास बसावा याचं थोडं वाईटही वाटलं.

घरी येऊन आचलला सगळं सांगितलं. मग विचारलं, तुला कधी कळलं होतं?

“त्या पहिल्यांदा आल्या त्याच दिवशी. तुम्ही प्रिंटरपाशी होता तेव्हा त्यांनी सांगितलं.”

“मग मला का नाही सांगितलं?”

ती कपडे घडी करत होती. हात थांबवले नाहीत. “सांगितलं असतं तर तुम्ही ती रेष बारीक केली असती.”

मी म्हटलं, छे, काहीतरीच. ही विद्या आहे, हिच्यात वाकडं चालत नाही. ती हो म्हणाली आणि माझा शर्ट घडी करून माझ्या हातात दिला. मी तो घेऊन कपाटापर्यंत गेलो. पांढरी गाडी, पांढरे बूट, “आग लावतं का बे” सगळं आठवलं. परत आलो.

म्हटलं, “किती बारीक केली असती असं तुला वाटतं?”

“बाजारगल्लीएवढी.”

मला वाटतं त्याहूनही बारीक.